चीनच्या राजघराण्यांची पट्टी बेळगावात बसून कशी करावी

चिन, हान, तांग, सुंग, युआन, मिंग, छिंग. एवढी नावं मुलं एका संध्याकाळी पाठ करतात आणि पुढच्याच सोमवारी ‘बाई, युआन आधी का मिंग?’ म्हणून विचारायला येतात. नुसत्या नावांना धरायला काही नसतं, मग ती निसटणारच. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत इतिहास शिकवताना मी यावर एक पद्धत बसवली. आता स्पर्धा परीक्षेची मुलं घरी येतात, त्यांच्याकडूनही तीच करून घेते. कागदाची एक लांब पट्टी करायची. वरच्या अंगाला चीन, खालच्या अंगाला आपला मुलूख. आणि आपल्या बाजूला होता होईल तो तेच लिहायचं, जे बसने जाऊन डोळ्यांनी बघता येतं.

जुन्या दिनदर्शिकेची पानं उलटी करून डिंकाने एकापुढे एक जोडा. सव्वादोन मीटर लांबी पुरते. १ सेंटीमीटर म्हणजे १० वर्षं. डाव्या टोकाला इ.स.पू. २२१ लिहा. त्या साली चिन नावाच्या राज्याच्या राजाने उरलेली राज्यं जिंकून स्वतःला पहिला सम्राट म्हणवलं. तिथून २१३ सेंटीमीटरवर येतं १९१२, शेवटच्या सम्राटाने गादी सोडली ते साल. इसवी सनाला शून्य वर्ष नाही, म्हणून इ.स. १ची खूण डावीकडून २२ सेंटीमीटरच्या किंचित पुढे पडते. ही खूण आधी करून घ्या, पुढची मापं सोपी जातात. शांग आणि चौ ही त्याहून जुनी घराणी पट्टीत मावत नाहीत. त्यांची नावं डाव्या टोकाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा.

आता घराणी रंगवा. चिन घराणं जेमतेम दीड सेंटीमीटर. लिपी एक, वजनं-मापं एक, गाड्यांच्या आसांची रुंदी एक, हे सगळं या दीड सेंटीमीटरात झालं आणि घराणं बुडालं. त्याला लागून हान, चाळीस सेंटीमीटरांहून लांब. इथे मुलांना रंग भरू द्या, आपण गप्प बसा. चिनने घालून दिलेली घडी हानने चार शतकं चालवली, हे हात दुखले की आपोआप कळतं. हानच्या मधोमध इ.स. ९ ते २३ एवढा, मधेच गादी बळकावणाऱ्या वांग मांगचा तुकडा वेगळ्या रंगाने दाखवा.

हानच्या खाली लिहा: वडगाव-माधवपूर. बेळगाव शहराला लागूनच असलेल्या या जागी उत्खननात सातवाहन काळातली वस्ती सापडली. हानचा सम्राट वू याने इ.स.पू. १३८मध्ये चांग च्येन नावाच्या माणसाला पश्चिमेला धाडलं आणि त्यातून पुढे रेशमाचा व्यापारी रस्ता खुला झाला. आज वडगाव-शहापुरात मागांवर साड्या विणल्या जातात. मुलांना तिथे नेऊन हे सांगितलं, तर हान घराणं पुन्हा पाठ करावं लागत नाही.

२२०पासून ५८९पर्यंतचा भाग एका रंगात रंगवू नका. तिथे पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारा. तीन राज्यं झाली, २८०मध्ये जिन घराण्याने काही दशकांपुरतं एकत्र आणलं, पुन्हा फुटलं, उत्तरेत एक आणि दक्षिणेत दुसरं. बहुतेक तक्त्यांत हा काळ एका ओळीत उरकतात, ते मला पटत नाही. हा तुकडा जवळजवळ ३७ सेंटीमीटर आहे, तांगपेक्षा लांब. चीन म्हणजे कायम एकसंध साम्राज्य, ही समजूत इथेच मोडते. खाली आपली हलशी लिहा, कदंब राजांची पलाशिका. पाचव्या शतकात कदंब इथून ताम्रपट देत होते. त्याच शतकाच्या शेवटी, ४९४मध्ये, उत्तरेच्या वेई राजांनी राजधानी ल्वोयांगला हलवली आणि तिथल्या लाँगमेन लेण्यांचं काम सुरू झालं.

पुढच्या खुणेसाठी बदामीला जायला हवं. तिसऱ्या लेण्यातल्या लेखात शके ५०० आहे, म्हणजे इ.स. ५७८. तीनच वर्षांनी, ५८१मध्ये, चीनमध्ये स्वी घराणं उभं राहिलं आणि ५८९मध्ये त्याने सगळा देश एक केला. पट्टीवर स्वी चार सेंटीमीटरही भरत नाही. ६१८मध्ये तांग आले. ऐहोळेच्या मेगुती मंदिरावरचा रविकीर्तीचा लेख ६३४चा, त्या वेळी तांग सम्राट ताइत्सुंग गादीवर होता. त्याच्याच राज्यातून निघालेला बौद्ध भिक्षू ह्युएनत्संग ६४१च्या सुमारास बदामीच्या चालुक्य राजाच्या, पुलकेशीच्या राज्यात आला. इथली माणसं स्वाभिमानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं. लढाईआधी हत्तींना दारू पाजतात, हेही त्याने टिपलं. पट्टीवर इथे वरून खाली एक जाड लाल रेघ ओढा. वर आणि खाली एकाच माणसाची पावलं पडली, अशी ही जागा आहे. मला तर हा सगळ्या पट्टीतला सगळ्यात मोलाचा ठिपका वाटतो.

सुंग घराण्याचा रंग भरताना परीक्षेच्या मुलांनी जरा थांबावं. सरकारी नोकरीसाठी लेखी परीक्षा स्वी-तांगांच्या काळात सुरू झाली, पण तिचा विस्तार केला सुंगांनी. उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकत. शिवाय परीक्षकाला अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कारकुनांकडून सगळी उत्तरपत्रिका नव्याने उतरवून घेत. ही परीक्षापद्धत १९०५मध्ये बंद झाली. सीमाभागातला मुलगा कन्नडही शिकतो, मराठीही, आणि दोन्ही राज्यांच्या जाहिरातींवर डोळा ठेवून असतो. त्याला हे वाचताना सुंग घराणं परकं वाटत नाही.

सुंगांचा पट्टा ९६० ते १२७९ असा असला, तरी ११२७पासून त्याची उंची अर्धी करा. त्या साली उत्तरेचा मुलूख जुर्चेन लोकांच्या किन घराण्याने घेतला आणि सुंग दक्षिणेत हांगचौला गेले. या अर्ध्या पट्ट्याखाली आपली कमल बस्ती येते. बेळगावच्या किल्ल्यातलं हे जैन मंदिर रट्ट राजांचा मंत्री बिचिराज याने १२०४मध्ये बांधलं. किल्ल्यात गेलात की छतातलं दगडी कमळ मान वर करून नीट बघा. ते घडवून दोन वर्षं होतात न होतात, तोच तिकडे मंगोलांनी तेमुजिनला चंगीझखान म्हणून गादीवर बसवलं.

कुबलाईखानाने युआन हे नाव १२७१मध्ये घेतलं, सुंग संपले १२७९मध्ये. म्हणून हे दोन रंग ८ मिलिमीटर एकमेकांवर चढू द्या. १२७१मध्येच देवगिरीला रामचंद्रदेव यादव गादीवर आला. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इ.स. १२९०. तेव्हा कुबलाई जिवंत होता. ज्ञानेश्वर आणि कुबलाई एकाच काळातले, हे कळलेला मुलगा युआन आधी का मिंग हे पुन्हा विचारत नाही.

मिंग १३६८ ते १६४४. त्यांच्याखाली १४७२ लिहा, बहमनी वजीर महमूद गावानने बेळगावचा किल्ला घेतला ते साल. त्याच दशकात मिंग उत्तर सीमेवर लांबच लांब भिंत बांधत होते. सम्राटांच्या नावांचा गोंधळ मिंगांपासून कमी होतो. एका कारकिर्दीला एकच शक, आणि त्याच नावाने आपण सम्राटाला ओळखतो. पुढच्या छिंग घराण्यातले कांगशी, छियानलोंग ही तशीच शकांची नावं आहेत.

छिंग घराण्याला आपल्या जुन्या पुस्तकांत मांचू म्हणतात. हे नाव त्यांनी १६३६मध्ये घेतलं, बीजिंग हाती आलं १६४४मध्ये. इथेही ८ मिलिमीटर एकमेकांवर. १६७४मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा विशीतला कांगशी दक्षिणेतल्या सरदारांचं मोठं बंड मोडत होता. १८२४ला कित्तूर लिहा, राणी चन्नम्मा इंग्रजांशी लढली ते साल. तेव्हा तिकडे ताओक्वांग सम्राट होता, आणि माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून त्याच्या देशात जात होती. पुढची अफूची युद्धं इथून समजावून सांगा.

१९१२वर कात्री लावू नका, हाताच्या पेराएवढा कागद पुढे राहू द्या. चीनच्या नव्या प्रजासत्ताकाचा अध्यक्ष युआन शिकाई याने १९१५च्या डिसेंबरात स्वतःला सम्राट जाहीर केलं आणि १९१६च्या मार्चमध्ये त्याला ते मागे घ्यावं लागलं. पुढच्याच महिन्यात, एप्रिल १९१६मध्ये, टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली, ती आपल्या बेळगावात. ही खूण १९१२नंतर ४ मिलिमीटरवर येते.