पक्षी दिसला म्हणजे दरोम नव्हे

नव्या पेठेतल्या आमच्या बाइंडिंगच्या दुकानात प्रबंधांच्या रेक्झिनवर सोनेरी नावं उठवायचं काम रोज चालतं. त्यामुळे अठराव्या शतकातली पॅरिसची बाइंडिंगं बघताना नजर आधी ठशावर जाते. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका या संकेतस्थळावर ती सोलापुरात बसूनही बघता येतात.

१७६१ साली मास्टर, म्हणजे बाइंडरांच्या संघानं मानलेला उस्ताद, झालेल्या पॅरिसच्या धाकट्या दरोमच्या लेससारख्या किनारीत पंख पसरलेला छोटा पक्षी असतो. पण तसे पक्षी इतरांनीही कोरून घेतले होते. म्हणून बाइंडर कोण ते ओळखायचं तर जुळवायचा तो नुसता नमुना नाही, नेमका तोच पितळी ठसा.

शेजारी मोजपट्टी ठेवलेला फोटो घ्या आणि मूळ मापात छापा. बटर पेपरवर टोकदार पेन्सिलीनं एकच पक्षी उतरवा: चोच, शेपटीच्या रेघा, पंखाची कड. तो कागद किनारीतल्या प्रत्येक पक्ष्यावर ठेवून बघा. पंखाची रेघ सगळीकडे एकाच जागी तुटली असेल तर ती ठशाची खोड, आणि तीच तुमची खरी खूण. एखाद्याच ठिकाणी तुटली असेल तर तिथे वर्ख नीट धरला नाही, एवढंच. डावीकडे आणि उजवीकडे बघणारे पक्षी म्हणजे दोन वेगळे ठसे, त्यांची नोंदही वेगळी करा. एकूण मापावर मात्र फार विसंबू नका. ठसा जास्त दाबला की रेघ जाड उमटते, आणि चामडंही आटतं.

प्लेटचं, म्हणजे अख्खी नक्षी एकदम उठवणाऱ्या मोठ्या ठशाचं, काम वेगळं ओळखावं लागतं. १७५८ मध्ये राजाचा आधीचा बाइंडर पादलू वारल्यावर त्याच्या जागी आलेला द्युब्युइसाँ अल्मनाकांवर, म्हणजे दरवर्षी निघणाऱ्या पंचांगवजा पुस्तकांवर, मोठ्या प्लेटनं प्रेसखाली नक्षी उठवायचा. हातकामात एखादा ठसा तिरपा पडतो, एखादा शेजारच्यावर चढतो. प्लेटमध्ये दोन्ही पुठ्ठ्यांवर चूकसुद्धा तीच येते. चादरीच्या मागावरच्या जेकार्डच्या नक्षीच्या कार्डात एक भोक चुकलं की चादरभर तीच चूक दिसते, तसं.

मधलं राजचिन्ह मालकाचं असतं. तीन बुरूज म्हणजे पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पाँपादूर. बाइंडर कोण, ते त्यावरून कळत नाही. छपाईच्या सालावरही जाऊ नका, कारण जुनी पुस्तकं पुढे कितीदा तरी नव्यानं बांधली जात. अल्मनाक त्या-त्या वर्षासाठीच बांधलेले, म्हणून ठशांचा काळ ठरवायला ते फार उपयोगी.

सुरुवात पादलूची छापील चिठ्ठी चिकटवलेल्या पुस्तकांपासून करा आणि त्यांवरचे ठसे उतरवून ठेवा. मग दुसऱ्या पुस्तकावर त्यातले निदान तीन वेगवेगळे ठसे जुळले तरच त्याचं नाव लिहा. एकच जुळला तर ‘पादलूचा एक ठसा’ एवढीच नोंद करा. ठसे वारशानं जात, विकलेही जात.