जावा की डॉटनेट? तुलना करताना या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेकडे अभियांत्रिकीच्या मुलांशी बोलणे निघाले, की थोड्याच वेळात एक प्रश्न येतो: जावा शिकू की डॉटनेट? दोन्ही सॉफ्टवेअर लिहिण्याचे आणि चालवण्याचे प्लॅटफॉर्म आहेत; डॉटनेट मायक्रोसॉफ्टचे, आणि त्यावर मुख्यतः सी शार्प ही भाषा वापरतात. प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण पुण्यात नोकरी करायची असो किंवा इथल्याच पतसंस्थांसाठी आणि मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहायचे असो, एकदा धरलेल्या वाटेवर उमेदीची काही वर्षे खर्च होतात. मात्र बहुतेक वेळा तुलनाच चुकीच्या दोन गोष्टींत होते, आणि मग कितीही वाद घातला तरी उत्तर हाती लागत नाही.

सर्वांत जास्त आढळणारी चूक आवृत्त्यांची आहे. २००२ साली आलेले डॉटनेट फ्रेमवर्क फक्त विंडोजसाठी होते, आणि तेच चित्र अजून अनेकांच्या डोक्यात आहे. प्रत्यक्षात मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१४ मध्ये नव्या डॉटनेटचा गाभा मुक्त स्रोत (म्हणजे कोड सर्वांना खुला) करण्याची घोषणा केली, जून २०१६ मध्ये लिनक्सवरही चालणारे डॉटनेट कोअर १.० आले आणि नोव्हेंबर २०२० मधील डॉटनेट ५ पासून ‘कोअर’ हा शब्दही नावातून गेला. उलट बाजूने, जावा शब्दबंबाळ आहे असे म्हणणारी मंडळी मार्च २०१४ मधील जावा ८ डोळ्यांसमोर ठेवून बोलतात. कमी ओळींत कोड लिहू देणारे रेकॉर्ड आणि टेक्स्ट ब्लॉक, तसेच एकाच वेळी हजारो कामे हलकेपणाने चालवणारे जावा २१ मधले व्हर्च्युअल थ्रेड त्यांनी पाहिलेलेच नसतात. तुलना करायचीच असेल तर एकाच काळातल्या आवृत्त्यांची करावी, उदाहरणार्थ जावा २१ आणि डॉटनेट ८. दोन्ही २०२३ सालच्या आणि दीर्घकालीन आधार (म्हणजे काही वर्षे दुरुस्त्या मिळण्याची हमी) असलेल्या आवृत्त्या आहेत.

जुन्या लेखातला नमुना कोड चालत नाही, म्हणून प्लॅटफॉर्मच कुचकामी ठरवला जातो, तेही याच चुकीमुळे. स्प्रिंग बूट ३ ही जावामधली वेबसाठीची चौकट वापरताना ‘जावाएक्स’ने सुरू होणारी अनेक पॅकेजे सापडत नाहीत, कारण ती आता ‘जकार्ता’ या नावाखाली गेली आहेत. नव्या डॉटनेटमध्ये वेबपाने बनवण्याचे जुने वेब फॉर्म्स शोधूनही मिळत नाहीत, कारण ते तिकडे आणलेच गेले नाहीत. अडचण आली की आधी लेखाची तारीख पाहावी, मग स्वतःचा कोड.

वेगाची मोजणी करताना दोन्ही प्लॅटफॉर्म चालता चालता कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करतात, हे विसरले जाते. पहिल्या फेरीचा वेळ घड्याळ लावून मोजला, तर तो रूपांतराचा वेळ असतो. जावासाठी जेएमएच आणि डॉटनेटसाठी बेंचमार्कडॉटनेट ही वेग मोजण्याची साधने वापरावीत, आणि सी शार्पचा कोड चुका शोधण्यासाठीच्या डीबगऐवजी प्रत्यक्ष वापरासाठीच्या रिलीज पद्धतीने बांधून मगच मोजावा. खरे सांगायचे तर आपल्याकडच्या बहुतेक कामांत हा फरक जाणवतही नाही.

फरक जाणवतो तो पैशांच्या हिशोबात. हळदीच्या एका अडत दुकानासाठी मी शेतकऱ्यांच्या हिशेबपट्टीचा कोड सी शार्पमधून जावामध्ये नेला होता. हमाली आणि तोलाई वजा करून येणारी रक्कम पूर्ण रुपयात बसवायची होती. संध्याकाळी दोन्ही प्रोग्रामच्या बेरजा जुळेनात आणि दोन दिवस मी जावालाच दोष देत बसलो. कारण साधे होते. सी शार्पमधले संख्या पूर्णांकात बसवणारे मॅथ.राउंड, वेगळे न सांगितल्यास, बरोबर अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे नेते, म्हणून ३४२.५० चे ३४२ होतात, जावामधले मॅथ.राउंड त्याच रकमेचे ३४३ करते. दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर आहेत. शेतकऱ्याच्या हातात जाणाऱ्या कागदावर कोणता नियम लागू आहे, हे कोडमध्ये स्पष्ट लिहिणे आपले काम आहे. त्याच वेळी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: सी शार्पमधल्या दशांश अचूक ठेवणाऱ्या ‘डेसिमल’ची तुलना जावामधल्या अंदाजे किंमत ठेवणाऱ्या ‘डबल’शी करू नये. जावामध्ये पैशांसाठी बिगडेसिमल आहे, आणि त्याला रक्कम डबलच्या रूपात न देता अक्षरमालिकेच्या रूपात द्यावी.

समुदायांबद्दलची चूक अधिक खोल आहे, कारण तिथे लोक फक्त संख्या पाहतात. जावाचा समुदाय अनेक खांबांवर उभा आहे. सन कंपनीने सुरू केलेली ही भाषा २०१० मध्ये ओरॅकल कंपनीकडे गेली, तरी तिचे नियम ठरवणारी प्रक्रिया १९९८ पासून चालू आहे, आणि ओपनजेडीकेच्या, म्हणजे जावाच्या मुक्त स्रोत रूपाच्या, तयार प्रती इक्लिप्सच्या ॲडॉप्टियम प्रकल्पापासून ॲमेझॉनपर्यंत अनेकजण विनामूल्य देतात. खुद्द मायक्रोसॉफ्टही देते. त्यामुळे ‘जावाला आता पैसे पडतात’ हे विधान फक्त ओरॅकलच्या स्वतःच्या प्रतीच्या परवान्यापुरते आणि तेही काही आवृत्त्यांपुरते खरे आहे. डॉटनेटची सूत्रे मात्र मुख्यतः मायक्रोसॉफ्टकडे आहेत. लिनक्सवरचे डॉटनेट मोनो प्रकल्पाच्या रूपाने बाहेरच्या लोकांनी मायक्रोसॉफ्टच्या कितीतरी आधी उभे केले होते, हे खरे. पण आज दिशा, दस्तऐवज आणि मुख्य साधने एकाच ठिकाणाहून येतात. जावामध्ये एका प्रश्नाला पाच प्रतिष्ठित उत्तरे मिळतात, डॉटनेटमध्ये बहुधा एकच अधिकृत उत्तर मिळते. मोठ्या चमूत, अनुभवी माणसांच्या शेजारी बसून काम करणाराला पहिली स्थिती मोलाची वाटेल. सांगलीत एकट्याने चार ग्राहक सांभाळणाऱ्याला, माझ्या मते, दुसरी अधिक सोयीची आहे. मात्र दीर्घकालीन डॉटनेटलाही आधार तीनच वर्षे असतो, हे त्या ग्राहकांना कराराच्या वेळीच सांगावे लागते. जावाच्या अशा आवृत्त्यांना काही पुरवठादार त्याहून जास्त वर्षे सांभाळतात.

शेवटची तक्रार देवनागरीची. हिशेबपट्टीवर नावाच्या जागी प्रश्नचिन्हे उमटली, की ‘जावाला मराठी जमत नाही’ असा निकाल लागतो. जावा १७ पर्यंत फाइल लिहिताना, वेगळे न सांगितल्यास, संगणकाची स्वतःची अक्षरसंहिता (अक्षरे साठवण्याची पद्धत) वापरली जात असे, आणि विंडोजवर ती बहुधा देवनागरीची नसते. जावा १८ पासून सर्व लिप्या सामावणारी युटीएफ-८ हीच मूळ संहिता आहे. त्याआधीच्या आवृत्तीत ती कोडमध्ये नमूद करावी. डॉटनेटसोबत एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस असेल आणि तिथेही प्रश्नचिन्हेच दिसत असतील, तर डॉटनेटला दोष देण्याआधी रकाना व्हारचार आहे की देवनागरीसकट सर्व लिप्या साठवणारा एनव्हारचार, हे उघडून पाहावे.