थंडीत ऑटोमॅटिक गाडी चालवताना या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा ४-५ अंशांवर येतो, धुकं उन्हाला दाद देत नाही, आणि शहराच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांत सकाळी दारादारांत गाड्या गुरगुरत उभ्या दिसतात. मालक घरात चहा घेतोय, गाडी बाहेर ‘गरम होतेय’. जुन्या गाड्यांच्या काळातली ही सवय ऑटोमॅटिकलाही लागली आहे, त्यात परदेशी व्हिडिओंनी भर घातली. त्या व्हिडिओतला माणूस उणे ३० अंशांत राहतो. आपली थंडी बोचते खरी, पण गिअरबॉक्सच्या हिशेबाने सौम्यच.

न्हाणीघरातलं खोबरेल थिजलेलं पाहून गिअरबॉक्सचं तेलही गोठलं असेल असं वाटतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच थिजायला लागतं; ट्रान्समिशन ऑईल कडाक्याच्या उणे तापमानातही वाहतं राहावं अशा बेतानेच बनवलेलं असतं. ४ अंशांत ते दाट होतं, एवढंच. दाट तेल आतल्या बारीक वाटांतून सावकाश सरकतं, म्हणून सकाळी पहिला गिअर लागायला किंचित उशीर होतो.

दहा-दहा मिनिटं उभी ठेवणं

यात इंजिन तापतं, गिअरबॉक्स फारसा नाही. पी (पार्क) मध्ये पंप तेल फिरवत असतो, पण गिअर आणि क्लचवर भार नसतो; भाराशिवाय ते लवकर तापत नाहीत. पेट्रोल मात्र जळत राहतं. आणि दार बंद असलेल्या गॅरेजमध्ये तर हे अजिबात करू नका, कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.

त्यापेक्षा आरपीएमच्या, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवा. गार इंजिन चालू झालं की काटा १२००-१५०० च्या घरात जातो आणि थोड्या वेळात आपोआप खाली येऊ लागतो. तो वर असताना डी (पुढे जायचा गिअर) टाकला की धक्का बसतो. १००० च्या आसपास उतरला की ब्रेक दाबून आर (रिव्हर्स) किंवा डी टाका, गाडीला बारीकसा हिसका जाणवू द्या, मगच पाय सोडा. तो हिसका म्हणजे क्लच धरल्याची खूण. ती यायच्या आत ॲक्सिलरेटर दाबणारेच जास्त भेटतात.

पुढचे चार-पाच किलोमीटर हलक्या पायाने. गिअर उशिरा बदलतील, इंजिन जरा जास्त रेस घेतंय असं वाटेल. बऱ्याच गाड्यांत तेल तापेपर्यंत कॉम्प्युटर मुद्दाम असं करतो आणि टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक-अप क्लचही, म्हणजे दोघांना थेट जोडणारा क्लचही, लावत नाही. यासाठी वर्कशॉप गाठायची गरज नाही. तानसेन समारोहाहून रात्री उशिरा निघालात तरी हाच नियम, कारण गाडी तासन्‌तास गारठ्यात उभी असते.

ब्रेक दाबून रेस देणं

डी मध्ये एका पायाने ब्रेक, दुसऱ्याने ॲक्सिलरेटर: लवकर तापवायची ही युक्ती सर्वांत वाईट. चाकं अडलेली असल्याने इंजिनची सगळी ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलात उष्णता होऊन उतरते. काही सेकंदांत तिथलं तेल भाजतं, बाकीचा गिअरबॉक्स मात्र गारच राहतो. असंच अरुंद गल्लीत गाडी वळवताना ती मागे सरकत असतानाच डी टाकणं. आधी पूर्ण थांबा.

किल्ल्याच्या पायथ्याशी राहत असाल तर भल्या पहाटे उरवाई दरवाज्याचा चढ गार गाडीने थेट धरू नका. आधी सपाटीवर थोडं फिरवा.

सगळ्या ऑटोमॅटिक एकाच मापाने मोजणं

एएमटीत आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो. क्लच आणि गिअर यंत्र हलवतं, एवढाच फरक. त्यामुळे टॉर्क कन्व्हर्टरचं गणित तिथे लागू नाही. थंडीत एएमटी अडखळली, गिअर लागेना किंवा खुणेचा दिवा लागला, तर आधी बॅटरी तपासून घ्या. गारठ्यात बॅटरीचा जोर उतरतो, आणि बिचाऱ्या गिअरबॉक्सच्या नावाने बिल फाटतं. सीव्हीटीला (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) तिचंच वेगळं तेल लागतं. ‘ऑटोमॅटिकचं ऑईल आहे, चालतं’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला हात जोडा आणि गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक उघडा.

गार गाडीत तेलाची पातळी बघणं

तेल तापलं की फुगतं. म्हणून तेल मोजायच्या दांडीवर गारच्या आणि गरमच्या खुणा वेगळ्या असतात. गार तेल गरमच्या खुणेपर्यंत भरलं तर ते जास्त होतं. बऱ्याच नव्या गाड्यांना दांडीच नसते. तिथे ठरावीक तापमानाला बूच उघडून पातळी बघतात, आणि ते काम वर्कशॉपचंच.

खरी तक्रार कधी समजायची

गिअर लागायला दोन-तीन सेकंदांहून जास्त लागतात, मग धाडकन लागतो, आणि गाडी तापल्यावरही तेच चालू राहतं: आधी पातळी आणि गळती बघा. रेस वाढते पण वेग वाढत नाही, किंवा तेल काळपट होऊन जळका वास येतो: क्लच झिजताहेत, उशीर करू नका. तेल दुधाळ दिसलं तर पाणी किंवा कूलंट आत शिरलं आहे. गाडी चालूच करू नका. उचलून न्यायला आलेल्याला गाडी ऑटोमॅटिक असल्याचं आधीच सांगा. इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जात असेल तर ती चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका, सपाट ट्रकच मागवा.