अँटिऑक्सिडंटची डबी आणायच्या आधी टेप आणा

रिपोर्टमध्ये शुगर बॉर्डरला आली, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) वाढलेलं दिसलं की सांगलीत माणूस मेडिकलवर जाऊन अँटिऑक्सिडंटची, म्हणजे शरीरातली नासधूस करणारी ऑक्सिजनची रसायनं आवरणाऱ्या गोळ्यांची, डबी घेऊन येतो. थांबा जरा. आधी शिंप्याची टेप घ्या, शर्ट वर करा, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप आडवी धरा आणि श्वास सोडल्यावर आकडा वाचा, पोट आत ओढायचं नाही. पँटची साईज सांगू नका, ती पोटाच्या खाली बांधलेली असते. आपल्याकडं पुरुषाला ९० सेंमी आणि बाईला ८०, तिथनं पुढं धोका धरतात.

मग रिपोर्ट काढा. ट्रायग्लिसराईड १५० किंवा वर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषाचं ४० च्या आणि बाईचं ५० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा वर (दोन्हीतला एक आकडा वर असला तरी धरायचं), उपाशीपोटी शुगर १०० किंवा वर. कमर धरून या पाचातलं कुठलंही तीन लागू झालं की झाला मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे डायबेटिस आणि हृदयरोगाकडं नेणाऱ्या गोष्टींची एकत्र जमलेली टोळी. गोळीमुळं आकडा नॉर्मल आला असेल तरी तो मोजायचा बरं का.

आता आत काय होतं ते बघा. रक्तवाहिनीला आतनं पेशींचा एकच पातळ थर असतो, एंडोथेलियम, तो नायट्रिक ऑक्साईड सोडतो आणि त्यानं नळी सैल पडते, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालंय. आतड्यांभोवतीची चरबी सूज वाढवणारी रसायनं सोडते, इन्सुलिन धड काम करत नाही, मग नळीच्या भिंतीत सुपरऑक्साईड (ऑक्सिजनचंच एक नासधूस करणारं रूप) तयार व्हायला लागतं आणि ते नायट्रिक ऑक्साईडला गाठून संपवतं. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात तो हाच. पुढं तर जे एन्झाइम नायट्रिक ऑक्साईड बनवत होतं तेच बिघडून सुपरऑक्साईड बनवतं, म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं. दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही.

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळीनं हे थांबायला पाहिजे की, असं वाटतं. पण २००० साली आलेल्या होप नावाच्या औषध-चाचणीत हृदयरोगाचा धोका असलेल्यांना रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई, म्हणजे अँटिऑक्सिडंटच, सरासरी साडेचार वर्षं दिलं, हार्ट अ‍ॅटॅक काही कमी झाले नाहीत. आपल्या मार्केट यार्डातली हळद भाजीत घालाच, पण तिच्यातलं कर्क्युमिन हे अँटिऑक्सिडंट पोटातनं रक्तात फार थोडं जातं, तिच्यावर भिस्त नको.

भिस्त चालण्यावर ठेवा. रक्त जोरात वाहताना भिंतीला घासतं आणि त्या रेट्यानंच एंडोथेलियम नायट्रिक ऑक्साईड सोडतं. आमराईत जा नाहीतर कृष्णेच्या घाटावर, आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही असा वेग. सकाळी चालून दिवसभर गल्ल्यावर बसलात तर पायातल्या नळ्या परत मंदावतात, म्हणून अर्ध्या तासानं उठून दोन-चार मिनिटं फिरा, आणि जेवल्यावर तर नक्कीच, कारण जड जेवणानंतर काही तास नळ्या नीट सैल होत नाहीत. चालताना छातीत दाटलं तर आधी डॉक्टर.

वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी फरक पडतो. चहातली साखर, बशीवर बशी भडंग, हे कमी. पालेभाजी आणि बीट वाढवा, त्यातल्या नायट्रेटचं तोंडातले जंतू नायट्राईट करतात आणि शरीर त्यापासनं नायट्रिक ऑक्साईड बनवतं, त्यामुळं जंतुनाशक माऊथवॉश विनाकारण रोज नको. किडनीचा त्रास असेल तर विचारून खा. मिश्री बंद, ती पण तंबाखूच आहे. घोरताना श्वास अडकत असेल तर तपासून घ्या, रात्रभर ऑक्सिजन खालीवर झाल्यानंही हाच स्ट्रेस वाढतो.

एक गोष्ट पुरुष मंडळी सांगत नाहीत. ताठरता कमी होणं हे बऱ्याचदा नळ्या बिघडल्याचं पहिलं लक्षण असतं, तिथल्या नळ्या हृदयाच्यापेक्षा बारीक, म्हणून तिथं आधी कळतं. लाजून जाहिरातीतली गोळी मागवू नका, डॉक्टरला सांगा, आणि छातीसाठी जिभेखालची नायट्रेटची गोळी चालू असेल तर ताठरतेची गोळी अजिबात घ्यायची नाही, बीपी धाडकन पडतं.