परदेशातल्या सुट्टीच्या घरात इंटरनेट: या चुका टाळा

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही सात जण उत्तर इटलीत, माज्जोरे सरोवराच्या काठी कान्नोबिओ गावाच्या वरच्या अंगाला एका दगडी घरात अठरा दिवस राहिलो. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तहून ताई, भावोजी आणि त्यांची दोन मुलं. पुण्याहून मी, नवरा आणि आई. घर सुरेख होतं. खाली निळं पाणी, मागे चेस्टनटचं रान. त्यातले दहा दिवस मला आणि भावोजींना ऑफिसचं काम करायचं होतं. बुकिंगच्या पानावर वाय-फायचं चिन्ह होतं, म्हणून कुणी पुढे काही विचारलंच नाही. नंतरचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

खालच्या बहुतेक चुका आम्ही स्वतः केलेल्या आहेत.

'वाय-फाय आहे' एवढ्यावर समाधान मानणं

वाय-फाय म्हणजे राउटरपासून तुमच्या फोनपर्यंतचा तुकडा. राउटरपर्यंत इंटरनेट कशातून येतं, किती येतं, ते त्या चिन्हावरून कळत नाही. आमच्या घरातल्या राउटरमध्ये सिम होतं आणि त्याचा महिन्याचा डेटा आधीच्या पाहुण्यांनी संपवला होता. फोनवर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या, पान मात्र एक उघडेना. आई म्हणाली, "नळ आहे, पाणी नाही." पुण्यात पन्नास वर्षं काढलेल्या बाईला हे लगेच कळतं.

घर ठरवण्याआधीच मालकाला विचारा: लाइन आहे की सिम? सिम असेल तर महिन्याला किती जीबी, आणि नवा डेटा कोणत्या तारखेला मिळतो? लाइन असेल तर कसली? इटलीत याची एक सोय आहे. २०१८ पासून तिथल्या कंपन्यांना जाहिरातीत जोडणीचा प्रकार रंगीत ठिपक्याने दाखवावा लागतो. हिरव्या ठिपक्यातला 'एफ' म्हणजे घरापर्यंत किंवा इमारतीपर्यंत फायबर. पिवळा 'एफआर' म्हणजे फायबर मध्येच थांबतं आणि उरलेला टप्पा तांब्याच्या तारेने किंवा रेडिओने येतो. लाल 'आर' म्हणजे फायबर नाहीच. मालकाला नुसता रंग विचारला तरी चालतं, भाषेची अडचण येत नाही. डोंगरातल्या घरांच्या छपरावर कधी कधी छोटी डिश दिसते, ती टीव्हीचीच असेल असं नाही. समोरच्या टेकडीवरच्या टॉवरवरून नेट घेणारीही असते. एओलो ही इटालियन कंपनी याच धंद्यावर मोठी झाली.

आणि स्पीड टेस्टचा फोटो मागा. ज्या टेबलावर तुम्ही बसणार तिथून, रात्री नऊच्या सुमारास काढलेला. त्यात डाउनलोडपेक्षा अपलोडचा आकडा आधी बघा. व्हिडिओ मीटिंग तिथेच अडकते. तीन-चार एमबीपीएस तरी हवा. जो मालक फोटो पाठवायला टाळाटाळ करतो, त्याने उत्तर दिलंच आहे असं समजा.

स्वतःच नवी लाइन घ्यायचा विचार मात्र सोडून द्या. माणूस यायला लागणारा वेळ आणि कराराची मुदत, दोन्ही तुमच्या सुट्टीपेक्षा मोठी असतात.

सिम 'तिथे गेल्यावर घेऊ' म्हणणं

आम्ही पोहोचलो १४ ऑगस्टच्या संध्याकाळी. १५ ऑगस्टला इटलीत फेर्रागोस्तो. आपल्याकडच्या स्वातंत्र्यदिनाशी त्याचा संबंध नाही, पण सुट्टी त्याहून कडक! सिमची दुकानं बंद, तंबाखूची टपरीसुद्धा बंद. शनिवारी तळ्याकाठच्या वळणावळणाच्या रस्त्याने वर्बानिया या मोठ्या गावाला गेलो, तर दुपारी एक वाजला होता आणि दुकानदार कुलूप लावत होता. छोट्या गावात दुपारची ही बंदी साडेतीन-चारपर्यंत चालते, आणि रविवारी दुकान उघडेलच असं नाही. शक्य असेल तर सिम विमानतळाच्या वाटेवरच्या मोठ्या शहरातच घ्या.

दुसरी अडचण कागदांची. इटलीत सिमसाठी पासपोर्ट लागतो आणि 'कोदिचे फिस्काले' नावाचा सोळा अक्षर-आकड्यांचा कर-क्रमांकही विचारतात. घाबरू नका. परदेशी गिऱ्हाईक असेल तर बरेच दुकानदार नाव, जन्मतारीख आणि जन्मदेश टाकून तो तिथल्या तिथे तयार करतात. रचना गमतीची आहे: बाईच्या जन्मदिवसात ४० मिळवतात, म्हणजे माझी ७ तारीख तिथे ४७ झाली. भारतात जन्मलेल्या सगळ्यांच्या क्रमांकात 'झेड २२२' येतं. आपली मराठी गोची नावाची असते. पासपोर्टावर आपल्या नावाला वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव चिकटलेलं असतं आणि दुकानदार त्यातलं एक गाळतो. 'उमा'सारखं छोटं नाव असेल तर मधल्या नावामुळे क्रमांकातली अक्षरंच बदलतात. पासपोर्टावर जसं छापलंय तसंच सगळं टाकायला सांगा आणि पावतीवर एकदा नजर टाका. सिम कधी पाच मिनिटांत सुरू होतं, कधी दुसऱ्या दिवशी. त्यामुळे सोमवारच्या मीटिंगसाठी रविवारी सिम घेण्यात अर्थ नाही.

सगळ्या घराचं नेट एका फोनवर टाकणं

पुण्यातूनच ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय थेट फोनमध्ये उतरवायचं सिम, घेऊन जाणं हा दुकानाच्या खटपटीवरचा सोपा उपाय, आणि तो मी आता करतेच. फोनवर *#०६# दाबलं की ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसतो का बघा. दिसला तर फोन ई-सिम घेतो. ते घरच्या वाय-फायवरच उतरवून ठेवा, कारण उतरवायलाही नेट लागतं. मुदत उतरवल्यापासून मोजतात की तिथल्या नेटवर्कला लागल्यापासून, ते आधी वाचा. प्रवाशांसाठीच्या बहुतेक ई-सिमला फोन नंबर नसतो, फक्त डेटा. मग विमानतळाच्या वाय-फायने एसएमएसवर कोड पाठवला की तुम्ही अडकलात.

आमची चूक वेगळीच. पहिले दोन दिवस ई-सिम नवऱ्याच्या फोनमध्ये आणि सगळं घर त्याच्या हॉटस्पॉटवर. मी ऑफिसच्या कॉलवर बोलत असताना हा पाव आणायला खाली गावात गेला, आणि घरातलं नेट त्याच्या खिशातून उतार उतरून गेलं. ई-सिम काढून राउटरमध्ये घालता येत नाही. घरासाठी वेगळं साधं सिम आणि एका जागी बसणारा राउटर हवाच, फोन तुमच्याबरोबर भटकू दे.

भारतातला डोंगल बॅगेत टाकणं

ड्रॉवरमध्ये पडलेला, सिम घालून वाय-फाय देणारा तो छोटा पांढरा डबा इथेच राहू दे. तो बहुधा एकाच भारतीय कंपनीला बांधलेला असतो. नसला तरी प्रश्न बँडचा, म्हणजे मोबाइलच्या लहरींच्या पट्ट्याचा येतो. युरोपच्या खेड्यापाड्यांत, डोंगरात ४जी लांबवर पोहोचवतो तो ८०० मेगाहर्ट्झचा बँड २०. भारतात तो वापरात नाही, म्हणून इथल्या स्वस्त उपकरणांत बँड ३, ५ आणि ४० असतात, २० नसतो. म्हणजे मिलानमध्ये डबा झकास चालेल आणि डोंगर चढल्यावर मान टाकेल. ताईने शेवटी उत्रेख्तहून आणलेला जुना ४जी राउटर गाडीतून काढला. बँड २० त्यात होता.

राउटर घराच्या मध्यभागी ठेवणं

फायबरच्या राउटरला मध्यभाग ठीक. सिमच्या राउटरला आधी टॉवर दिसला पाहिजे, घर नंतर. आमच्या घराच्या भिंती हातभर जाडीच्या, छपरावरही दगडी फरशा. दिवाणखान्यात टीव्हीशेजारी राउटरवर जेमतेम एक रेघ यायची.

रेघांवर जाऊ नका. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये बहुधा १९२.१६८.१.१) 'आरएसआरपी' नावाचा उणे आकडा असतो, टॉवरचा सिग्नल किती जोरात येतो ते सांगणारा. उणे ८५ च्या आसपास उत्तम, उणे ११० च्या पलीकडे गेलं की रडगाणं. भावोजी राउटर आणि एक्स्टेंशन बोर्ड घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले, मी मागून आकडे लिहीत होते. टीव्हीशेजारी उणे ११३, स्वयंपाकघराच्या ओट्यावर उणे १०८, वरच्या न्हाणीघराच्या खिडकीत उणे ९१. राउटर तिथेच टॉवेलच्या फळीवर बसला. पुढचे पंधरा दिवस आंघोळीला जाणाऱ्या प्रत्येकाला दम दिला जायचा.

खाली टेबलापर्यंत वाय-फाय पोहोचवायला राउटरच्या दोन वाय-फाय नावांपैकी २.४ गिगाहर्ट्झचं निवडा. वेग कमी, पण जाड भिंतीतून जातं. नावापुढे '५जी' लिहिलेलं वाय-फाय मोबाइलच्या ५जीशी काही नातं सांगत नाही, ते ५ गिगाहर्ट्झ. ते भिंतीपुढे लवकर हार मानतं.

नवं सिम घातलं आणि काहीच होत नाही

राउटरला शिव्या देण्याआधी सिम साध्या फोनमध्ये घालून बघा. युरोपातल्या अनेक सिमना चार आकडी पिन असतो, आपल्याला त्याची सवय नाही. राउटर तो मुकाट्याने मागत बसतो आणि आपल्याला फक्त लाल दिवा दिसतो. फोनमध्ये पिन टाकून ती मागणी बंद करा, मग सिम राउटरमध्ये घाला. तीनदा चुकलात तर पीयूके, म्हणजे सिमचं कुलूप उघडणारा आकडा लागेल. तो सिम ज्या प्लास्टिकच्या कार्डातून तोडून काढलं त्यावर छापलेला असतो, तेव्हा ते कार्ड कचऱ्यात टाकू नका. पिननंतरचा संशयित म्हणजे एपीएन, कोणत्या कंपनीच्या नेटला जोडायचं ते राउटरला सांगणारा पत्ता. राउटरमध्ये जुन्या कंपनीचा राहिलेला असतो. आमच्यात डच कंपनीचा होता.

'आमचं अनलिमिटेड आहे' यावर विसंबणं

युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून रोमिंगचा वेगळा आकार नाही, त्यामुळे जर्मनी-नेदरलँड्सचे नातेवाईक निर्धास्त असतात. पण घरचं अनलिमिटेड परदेशात अनलिमिटेड राहीलच असं नाही. कंपनी मर्यादा घालू शकते, आणि ती कमीत कमी किती असावी याचं सूत्र ठरलेलं आहे: प्लानची कर वगळून किंमत भागिले घाऊक दर (कंपन्या रोमिंगसाठी एकमेकींना जास्तीत जास्त लावू शकतात तो), गुणिले दोन. घाऊक दर २०२५ मध्ये जीबीला १.३० युरो होता, २०२६ साठी १.१० आहे. भावोजींचा प्लान कर वगळून २६ युरोचा, म्हणजे त्या वर्षी ४० जीबी. मुलं टीव्हीवर एचडी सिनेमे बघत होती, तासाला ३ जीबीपर्यंत. रोज दोन तास धरले तरी आठवडा पुरत नाही. सहाव्या दिवशी मेसेज आला. टीव्हीच्या ॲपमध्ये दर्जा कमी केला तर तासाला १ जीबीच्या आत भागतं. कार्टूनला तेवढं पुरे.

आमचं घर स्वित्झर्लंडच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण तिथल्या टॉवरना हे कोण सांगणार? वरच्या अंगणात गेलं की ताईचा फोन स्विस नेटवर्क पकडायचा. काही कंपन्या स्वित्झर्लंड प्लानमध्ये धरतात, काही सडकून पैसे लावतात. सेटिंगमध्ये 'ऑटोमॅटिक' नेटवर्क बंद करून इटालियन कंपनी हाताने निवडा. ग्रीसच्या कोर्फू बेटावर अल्बेनियाचं नेटवर्क हाच खेळ करतं, आणि मोठ्या फेरीबोटींवरचं जहाजाचं स्वतःचं नेटवर्क तर खिसाच कापतं. बोटीत चढताना फोन विमान मोडवर.

भारतातलं सिम काढून ठेवणं

बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, तिथे पोहोचल्यावर त्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा, सिम मात्र चालू. दोन सिमच्या फोनमध्ये 'गरज पडली तर दुसऱ्या सिमचा डेटा वापरा' असा एक पर्याय लपलेला असतो, तोही बंद करा. नवं सिम टाकल्यावर व्हॉट्सॲपने नंबर बदलायचा का विचारलं तर नाही म्हणा. आईने हो म्हटलं, आणि भिशीच्या ग्रुपवर 'ही इटलीची बाई कोण' म्हणून चर्चा झाली.

कॉल तुटला म्हणजे नेट गेलं असं समजणं

इटलीत बहुतेक घरांना वीज तीन किलोवॉटचीच मिळते. एका सकाळी आईने विजेच्या शेगडीवर वरण लावलं, ताईने ओव्हन, आणि कुणीतरी चहासाठी किटली. खटकन सगळं बंद. मुख्य खटका घरात नव्हताच, खाली रस्त्याकडेच्या मीटरच्या पेटीत होता. नवरा पायऱ्या उतरून जाईपर्यंत आणि राउटर पुन्हा जागा होईपर्यंत बारा मिनिटं गेली. भारतातले दहा म्हणजे उन्हाळ्यात तिथले साडेसहा, नेमकी आमच्या चहाची आणि माझ्या मीटिंगची वेळ एक. त्यानंतर राउटर पॉवर बँकवर ठेवला. बऱ्याच छोट्या राउटरना यूएसबीचे पाच व्होल्ट पुरतात, तुमच्याच्या ॲडॅप्टरवर काय लिहिलंय ते बघा.

निघताना

राउटरमधलं सिम काढा. टीव्हीवरच्या सगळ्या ॲपमधून बाहेर पडा. आम्ही एकातून विसरलो. पुण्यात आठवडाभराने 'पाहत राहा'च्या रांगेत एक इटालियन कार्टून दिसायला लागलं, अकरावा भाग अर्ध्यावर थांबलेला. फोनवरून खात्यात जाऊन तो टीव्ही काढून टाकता येतो. मी बारावा भाग संपेपर्यंत थांबले.