हाय अव्हेलेबिलिटी क्लस्टर उभा करताय? अर्धमेल्या सर्व्हरचा विचार आधी करा, या चुका टाळा

ईआरपीसारखं सॉफ्टवेअर एका सर्व्हरवर चालत असतं, एक दिवस तो बसतो, सगळ्या कंपनीचं काम ठप्प होतं आणि मग वरून निरोप येतो की दोन सर्व्हर घ्या आणि क्लस्टर करा, म्हणजे एक बसला तर दुसरा काम उचलेल. मग आपण पेसमेकर-कोरोसिंक (लिनक्सवर क्लस्टर सांभाळणारं सॉफ्टवेअर) टाकतो, व्हर्च्युअल आयपी (काम करणाऱ्या सर्व्हरकडे सरकणारा सामाईक पत्ता) लावतो, एक सर्व्हर शटडाउन करून बघतो, दुसऱ्यावर सगळं सुरू होतं आणि काम फत्ते म्हणून फाईल बंद करतो. इथेच गडबड आहे, कारण शटडाउन केलेला सर्व्हर दुसऱ्याला सांगून जातो. क्लस्टरची वाट लावतो तो अर्धमेला सर्व्हर, म्हणजे पिंगला उत्तर देतोय पण डिस्क अडकलीय, किंवा हार्टबीट (सर्व्हर एकमेकांना सतत पाठवतात तो 'मी जिवंत आहे' हा संदेश) तुटलाय पण डेटाबेस मजेत लिहितोय.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे फेन्सिंग बंद ठेवणं. फेन्सिंग म्हणजे संशयित नोडची (क्लस्टरमधल्या सर्व्हरची) पॉवर किंवा त्याचा डिस्कचा रस्ता बाहेरून तोडणं, म्हणजे तो नक्की थांबलाय याची खात्री होते आणि मगच दुसरा काम हातात घेतो. पेसमेकरमध्ये हे डीफॉल्टने चालूच असतं आणि फेन्सिंग डिव्हाइस दिलं नाही तर तो एकही रिसोर्स (डेटाबेस, व्हर्च्युअल आयपी वगैरे) सुरू करत नाही, मग वैतागून लोक कुठल्यातरी ट्युटोरियलमधली एक ओळ टाकून स्टोनिथ (फेन्सिंगची सेटिंग) फॉल्स करतात आणि ते तसंच प्रॉडक्शनला जातं. मी स्वतः असा एक सेटअप निस्तरलाय. दोन नोड, मध्ये एकच थेट केबल, त्याच केबलवरून हार्टबीट आणि त्याच केबलवरून डीआरबीडीचं रेप्लिकेशन, म्हणजे एका नोडच्या डिस्कची दुसऱ्यावर सतत होणारी नक्कल. केबलचा कनेक्टर ढिला झाला, दोघांना वाटलं समोरचा गेला, दोघांनी तोच व्हर्च्युअल आयपी घेतला, दोघं प्रायमरी, म्हणजे डेटा लिहिणारे मुख्य, झाले. ऑफिसच्या नेटवर्कवर दोघंही जिवंतच होते त्यामुळे काही युजर इकडे लिहीत होते काही तिकडे आणि कुणालाच एरर आला नाही. संध्याकाळी एका मॅडमनी दोन प्रिंट समोर धरल्या, इन्व्हॉइस नंबर एकच, पार्टी वेगळी, रक्कम वेगळी. याला म्हणतात स्प्लिट-ब्रेन. अशा दोन डेटाबेसचं आपोआप मर्ज होत नाही, माणसं बसवून एकेक नोंद जुळवावी लागते, आम्ही तेच केलं.

फेन्सिंग चालू केलं तरी ते कशावर अवलंबून आहे ते बघा. सर्व्हरचं आयपीएमआय कार्ड (लांबून त्याची पॉवर चालू-बंद करायची सोय) त्याच सर्व्हरच्या पॉवरवर चालतं, त्यामुळे सर्व्हरची पॉवर पूर्ण गेली की कार्डही गेलं, फेन्सिंगला उत्तर मिळत नाही आणि चांगला नोड खात्री होईपर्यंत वाट बघत बसतो. युजरला दिसतं की क्लस्टर असूनही सगळं बंद! म्हणून दुसरा मार्ग ठेवाच, मॅनेज्ड पीडीयूवरून (नेटवर्कवरून बंद करता येणाऱ्या पॉवर स्ट्रिपवरून) पॉवर तोडणं किंवा शेअर्ड डिस्कवर एसबीडी (डिस्कवरून नोडला थांबायचा निरोप देणारी सोय) आणि सोबत हार्डवेअर वॉचडॉग (अडकलेला सर्व्हर आपोआप रीबूट करणारा टायमर). हार्टबीटलाही दोन वेगळे रस्ते द्या, दोन वेगळ्या स्विचवरून, कोरोसिंक ३ मध्ये आठपर्यंत लिंक देता येतात मग एकीवर का अडून बसायचं?

कोरम म्हणजे काम चालू ठेवायला लागणारं नोडचं बहुमत, त्याचं गणित साधं आहे पण घाईत विसरलं जातं. तीन नोडमध्ये बहुमत दोनचं, पाचमध्ये तीनचं, आणि चार नोडमध्येही तीनचंच, म्हणजे चौथ्या नोडने एकही जास्तीचं फेल्युअर सहन करण्याची ताकद दिलेली नसते. दोन नोडमध्ये तर बहुमत म्हणजे दोघंही हवेत, म्हणून कोरोसिंकमध्ये टू-नोड मोड (एकटा उरलेला नोडही काम चालू ठेवतो) वापरतात, पण तो फेन्सिंग नीट असेल तरच सुरक्षित आहे. त्यापेक्षा क्यूडिव्हाइस (बाहेरच्या मशीनवरून मत देणारी सोय) लावून तिसरं मत द्या, त्याला छोटी मशीन पुरते. विंडोजच्या फेलओव्हर क्लस्टरमध्ये हेच काम विटनेस करतो. फक्त ती तिसरी मशीन व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) असेल तर ती दोन नोडपैकी एकाच्याच होस्टवर (खऱ्या मशीनवर) बसलेली नाही ना हे तपासा, हे मी खरंच बघितलंय. नोड स्वतः व्हीएम असतील तर अँटी-अ‍ॅफिनिटी रूल लावा नाहीतर एक दिवस ते दोघं एकाच होस्टवर जाऊन बसतात.

आता एक अशी चूक जी लॉग वाचल्याशिवाय सापडत नाही. पेसमेकरमध्ये ऑपरेशनचा डीफॉल्ट टाइमआउट २० सेकंद असतो. मोठा डेटाबेस बंद होताना चेकपॉइंट लिहितो (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवतो), त्याला मिनिटभर सहज लागतं, वीस सेकंदांनी क्लस्टर म्हणतो स्टॉप फेल झाला, आणि फेन्सिंग चालू असेल तर स्टॉप फेल म्हणजे सरळ नोडला गोळी. तुम्ही नुसतं रिसोर्स दुसरीकडे हलवायला गेला होता आणि चालता सर्व्हर रीबूट झाला. 'फेन्सिंगच त्रास देतंय' म्हणून ते बंद करू नका, गर्दीच्या वेळी स्टॉपला किती वेळ लागतो ते मोजा आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट टाइमआउट द्या.

हेल्थ चेकचंही तसंच. नुसता पोर्ट उघडा आहे का एवढंच बघत असाल तर डिस्क अडकलेला सर्व्हर तुम्हाला ठणठणीत दिसणार, त्यामुळे चेकने एखादी खरी छोटी नोंद लिहून वाचून बघायला हवी.

क्लायंटची बाजू तर कुणी बघतच नाही. फेलओव्हर तीस सेकंदांत झाला पण अ‍ॅप्लिकेशनच्या कनेक्शन पूलमधली (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली) जुनी कनेक्शन्स तशीच लटकलेली, कारण लिनक्सवर टीसीपी कीपअलाइव्ह (शांत कनेक्शन जिवंत आहे का याची तपासणी) चालू असला तरी पहिली तपासणी डीफॉल्टने ७२०० सेकंदांनी होते, म्हणजे दोन तास. ती वेळ कमी करा आणि पूलमध्ये कनेक्शन देण्याआधी तपासायची सेटिंग लावा.

आणि ऑटोमॅटिक फेलओव्हर फार उतावळा ठेवू नका, खासकरून दोन लांबच्या डेटासेंटरमध्ये. ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहबचं (प्रोग्रामचा कोड ठेवायची साइट) नेटवर्क फक्त ४३ सेकंद तुटलं होतं. तेवढ्यात डेटाबेसची प्रायमरी अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर गेली, इकडच्या काही नोंदी तिकडे पोचलेल्याच नव्हत्या, आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. लांबच्या साइटला रेप्लिकेशन असिंक (नोंद तिकडे पोचायची वाट न बघणारं) असेल तर तिकडे जायचं बटण माणसाच्या हातात असलेलं बरं असं माझं स्पष्ट मत आहे.

टेस्ट करताना फक्त शटडाउन करू नका. हार्टबीटची एक केबल काढा, मग दोन्ही काढा, पॉवर पूर्ण तोडा, फायरवॉलने फक्त क्लस्टरचं ट्रॅफिक अडवा, स्टोरेजचा पाथ काढा, आणि प्रत्येक वेळी कुठला नोड पडला आणि युजरला किती सेकंद एरर दिसला ते लिहून ठेवा. हे सगळं युजर लॉगिन असताना, लोड चालू असताना करा, रिकाम्या क्लस्टरवर वीस सेकंदांत बंद होणारा डेटाबेस तेव्हा वेगळाच वागतो.