प्रीती करताना या चुका टाळा

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एकमेकांवर प्रीती करताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘प्रार्थनेच्या विषया’चा. रविवारी उपासना सुटली की दाराशी कुणीतरी हळूच म्हणतं, “त्या ताईंच्या घरी परत भांडण झालं म्हणे, प्रार्थनेत आठवण ठेवा हं.” संध्याकाळपर्यंत बातमी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, आणि पुढच्या रविवारी ताई गैरहजर. ज्याचं दुखणं त्याला आधी विचारा, “ग्रुपवर टाकू का?” नको म्हणाले तर घरी बसून प्रार्थना करा, देवाला ग्रुपचा अ‍ॅडमिन लागत नाही. तक्रार त्या माणसाबद्दलच असेल तर बायबलमधल्या मत्तय १८:१५ प्रमाणे त्याला एकट्याला गाठून बोला. पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, कानावर घालणं ही नंतरची पायरी.

प्रार्थनेवरच भागवणं हीसुद्धा चूकच. उघड्या-उपाशी भावंडाला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्यांना याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात चांगलंच धारेवर धरलंय. वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसासाठी थांबलेल्या चांगल्या शोमरोन्याने (शोमरोन प्रांतातल्या माणसाने) काय काय केलं ते लूक १० मध्ये मोजून बघा: जखमांवर तेल आणि द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःच्या जनावरावर बसवणं, उतारशाळेत सेवा, वर दोन दिनार म्हणजे तेव्हाची साधारण दोन दिवसांची मजुरी, आणि जादा खर्च झाला तर परतताना देईन असा शब्द. त्यामुळे “काही लागलं तर सांगा” म्हणणं सोडा. कुणी सांगत नाही. “मंगळवारी डायलिसिसला मी घेऊन जातो”, “आज रात्रीचा डबा आमच्याकडून” असं बोला, तेवढं करा आणि फोटो काढू नका.

मदत किती दिवस करायची, हा प्रश्नही येतोच. पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या सुमारास दुष्काळातल्या मुलींना पुण्याजवळच्या केडगावला आणलं, ते केवळ जेवू घालायला नव्हे. शिक्षण, विणकाम, पुढे छापखाना असं हाताला काम दिलं. वर्षभर रेशन भरून झालं असेल तर आता त्या घरातल्या मुलाच्या आयटीआयच्या फीचं बघा.

मयताच्या घरी ‘देवाची इच्छा’ म्हणायची घाई नको. बायबलमधल्या, मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ठीक चाललं होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वेगळीच आहे. मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला येशूचं वचन ऐकवून, “सत्तर वेळा सात क्षमा कर” म्हणून परत पाठवणारे वडीलधारे अजून आहेत. हे वचन मारणाऱ्याच्या सोयीसाठी नाही. क्षमा करणं वेगळं आणि त्याच घरात नांदायला जाणं वेगळं. आधी तिला राहायला सुरक्षित जागा द्या आणि दवाखान्यात न्या. तिची तयारी असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन लावून द्या, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे सोबत जा. समेटाची बैठक ती स्वतः म्हणेल तेव्हाच.